प्लॉट आधी की पाणी आधी?

वाचकहो, या पानावर आम्ही बहुधा कापसावरील बोंडअळी, शेणखत, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर लिहीत असतो. यावेळचा विषय थोडा निराळा आहे. पण शेती आणि आरोग्य या दोहोंशी त्याचा संबंध इतका जवळचा आहे की तो दुसऱ्या कोणत्या पानावर घालावा हे आम्हांस सुचले नाही. विषय आहे नव्या घरांचा आणि त्यांना लागणाऱ्या पाण्याचा.

आदिलाबाद शहरातून मावळ्याकडे जा, नाहीतर जैनथच्या रस्त्याला लागा. कालपरवापर्यंत जेथे कापूस आणि तूर उभी असे तेथे आता पांढरे दगड रोवलेले दिसतात. मधून मुरुमाचे रस्ते काढलेले, तोंडाशी रंगीत कमान आणि कमानीवर मोबाईल नंबर. यालाच आपल्याकडे ‘वेंचर’ म्हणतात. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख १७ हजारांच्या घरात होती. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मावळा हे वेगळे मंडल झाले, आणि पुढे आसपासच्या वस्त्या नगरपालिकेत घेतल्या गेल्याने २०२० च्या निवडणुकीपर्यंत वॉर्डांची संख्या ३६ वरून ४९ वर गेली. शहर वाढते आहे यात वाईट काही नाही. बेला, तांसी, भीमपूरकडची मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी शहरात येऊ पाहतात. दोन खोल्यांचे का होईना, स्वतःचे घर असावे असे कोणाला वाटत नाही? प्रश्न एवढाच आहे की या दगडांमध्ये उद्या जी माणसे राहायला येतील ती पाणी कोठले पिणार, हे परवानगी देणाऱ्या कोणी कधी मांडून पाहिले आहे काय?

आपण येथेच मांडून पाहू. सहा एकरांचे एक वेंचर धरा. रस्ते आणि मोकळी जागा सोडून त्यात दीडशे गजांचे शंभर प्लॉट सहज बसतात. घरटी पाच माणसे धरली तर पाचशे जीव झाले. मिशन भगीरथ योजनेने नगरपालिका क्षेत्रासाठी माणशी दररोज १३५ लिटर आणि खेड्यासाठी १०० लिटर असे माप ठरवले आहे. १३५ लिटरने पाचशे माणसांना रोज ६७,५०० लिटर पाणी लागते, म्हणजे पाच हजार लिटरचे साडेतेरा टँकर, तेही रोज. वर्षाचा हिशेब २ कोटी ४६ लाख लिटर होतो. आता त्याच सहा एकरांवर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. तेवढा तर आपल्याकडे सरासरीने पडतोच. तो सगळा मिळून २ कोटी ४३ लाख लिटर भरतो. थेंबन् थेंब अडवला, एकही वाहू दिला नाही, एकही सुकू दिला नाही, तरी तो त्या वसाहतीला पुरा पडत नाही.

आणि थेंबन् थेंब अडवणे आपल्या भूमीत होत नाही. वर काळी चिकण माती आणि खाली काळा कातळ. पहिल्या दोन पावसांत काळी माती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि मग वरून पडलेले पाणी ओढ्याला धाव घेते, ओढा पैनगंगेला. कातळात पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि फटींत. पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा मुरला तरी पुष्कळ म्हणायचे. तेव्हा हिशेब असा लागतो की, सहा एकरांची वसाहत केवळ बोअरवर जगू लागली तर ती भोवतालच्या साठ एकरांत मुरलेले पाणी ओढते. त्या साठ एकरांचे मालक दुसरे असतात. त्यांच्या विहिरी असतात, गुरे असतात. त्यांची सही कोणत्याही कागदावर घेतलेली नसते.

येथे कोणी शेतकरी बंधू आम्हांला अडवील आणि म्हणेल की सहा एकर भाताला याहून जास्त पाणी लागते, मग घरांनाच का बोल? म्हणणे खरे आहे. भाताला एकरी पन्नास लाख लिटर तरी लागते, म्हणजे सहा एकरांना तीन कोटी. पण पावसाने दगा दिला तर शेतकरी एक साल भात लावत नाही, ज्वारी-हरभऱ्यावर भागवतो, नाहीतर रान पडीक ठेवतो. वसाहत पडीक ठेवता येत नाही. दुष्काळाच्या सालीही पाचशे माणसांना मे महिन्यात तेवढेच पाणी लागते, उलट थोडे अधिकच. म्हणून शेताची तहान आणि वस्तीची तहान एका मापाने मोजून चालत नाही. एकदा घरे उभी राहिली की ती मागणी कायमची होते, आणि वाईट साली ओढाताण होते तेव्हा पहिला बळी शेजारच्या विहिरीचा जातो.

“भगीरथाचे पाणी आहे ना!” असे उत्तर आम्हांला पुष्कळदा मिळते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर आवारात जी चर्चा चालते तिच्यातही हे ऐकले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेने आपल्या आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा पुष्कळ ठिकाणी खाली उतरवला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ते पाणी येते कोठून? आपल्या बाजूला ते मुख्यतः पोचमपाडच्या श्रीरामसागरातून, रस्त्याने मोजले तर शंभरएक किलोमीटरवरून, घाट ओलांडून येते. त्या जलाशयाची मूळ साठवण ११२ टीएमसी होती. गाळ साचून ती नव्वदच्या आसपास आणि नंतर त्याच्याही खाली आली. वीज गेली, नळ फुटला, पंप बिघडला की शहराचा एक भाग कोरडा पडतो. नळाचा घेर एकदा जमिनीत गाडला की तो ठरलेलाच राहतो, जोडण्या मात्र वाढत जातात. मग नळाच्या शेवटी असलेल्या घरांना पाणी करंगळीएवढे येते. आणि नळाच्या शेवटी बहुधा कोण राहते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

मावळ्याचा तलाव निजामाच्या काळापासून शहराला पाणी देत आला. जुन्या लोकांनी तलाव आधी बांधला आणि मग त्याच्या खाली वस्ती वाढू दिली. आज आपण उलट चालतो. तलावाच्या पोटातच प्लॉट पाडतो. खानापूरच्या तलावाची अवस्था शहरातील कोणालाही विचारावी. २०१५ पासून मिशन काकतीयखाली राज्यातील तलावांचा गाळ काढण्यावर सरकारने पैसा खर्च केला तो चांगलाच होता. परंतु एका हाताने गाळ काढायचा आणि दुसऱ्या हाताने येणारा ओढा बुजवायचा याला काय म्हणावे? शेतजमीन बिनशेती करून घेण्याच्या कागदाला आपल्याकडे सगळे ‘नाला’ म्हणतात. कायद्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले आहे. ‘नाला झाला का?’ असे प्लॉट घेणारे एकमेकांना विचारतात. कागदावरचा नाला झाला की रानातला नाला गेलाच म्हणून समजावे.

आता परवानगीची वाट कशी आहे ते पाहा. शेतजमिनीचा वापर बदलून देणारे कार्यालय वेगळे. लेआउटचा नकाशा मंजूर करणारे नगररचना खाते वेगळे. खेड्यात लहान घराची परवानगी २०१८ च्या पंचायत कायद्याने ग्रामपंचायत देते. शहरात २०२० पासून ऑनलाइन पद्धत आहे. ७५ गजांपर्यंत नुसती नोंद, आणि पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या घराला मालकाच्या स्वतःच्या दाखल्यावर तत्काळ मंजुरी. बोअरची परवानगी २००२ च्या पाणी, जमीन व वृक्ष कायद्याखाली, तिसरीकडे. नळाची जोडणी चौथीकडे. माणसांचे हेलपाटे कमी झाले, चिरीमिरीला आळा बसला, हे चांगले झाले. पण या सगळ्या टेबलांवरून फिरताना शेजारच्या मोकळ्या रानात आधीच किती वेंचर मंजूर आहेत आणि त्या सर्वांना मिळून मे महिन्यात किती पाणी लागेल, ही बेरीज कोणत्याच टेबलावर होत नाही. प्रत्येक साहेब आपापला कागद तपासतो आणि तो कागद बरोबर असतो.

ज्या २००२ च्या कायद्याचा उल्लेख केला तो वाईट नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २५० मीटरच्या आत कोणी नवी बोअर घेऊ नये, विहिरींची नोंद व्हावी, घरांना पावसाचे पाणी जिरवण्याची सोय असावी, हे सारे त्यात आहे. पाळले किती जाते हे मात्र आपापल्या गावात मोजून पाहण्यासारखे आहे. त्यातच बेकायदा लेआउट दंड भरून कायदेशीर करण्याची योजना २०२० मध्ये आली, तेव्हा राज्यभरातून सुमारे २५ लाख अर्ज आले. पंचवीस लाख! त्यांतले बहुतेक गरीब आणि मध्यम लोक होते, ज्यांना कोणीतरी रस्ता-नळाचे आश्वासन देऊन प्लॉट विकला होता. त्यांचा कागद दंड भरून नियमित झाला तरी जमिनीखालचे पाणी त्याने वाढत नाही.

पैनगंगेच्या पलीकडे काय झाले ते आपण फार लांब न जाता पाहू शकतो. यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह या दोन तलावांवर वाढत गेले. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही तलाव आटले. पंधरा-पंधरा दिवस, काही भागांत त्याहूनही अधिक काळ नळाला पाणी नव्हते. बेंबळा धरणावरून पाणी आणायचे काम चालू होते, पण नळ वेळेवर पोचला नाही. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे तेथे आहेत. लग्नसराईत पाहुण्यांना पाणी कसे पुरवले याच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या आहेत. त्याआधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. लातुरात तेव्हा घरांची, शिकवणी वर्गांची, वसतिगृहांची वाढ जोरात होती. मांजरा धरण कोरडे पडेपर्यंत तिचा पाण्याशी मेळ कोणी घातला नव्हता.

मोठ्या शहरांत तर गोष्ट कोर्टात गेली. पुण्याला बाणेर-बालेवाडी भागात नळाला पुरेसे पाणी नसताना नव्या इमारतींना परवानग्या मिळत होत्या. जून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील नव्या बांधकामांना लगाम घातला. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर मे २०१७ मध्ये तसेच झाले. पुण्यात बिल्डरकडून एक प्रतिज्ञापत्र लिहून घेण्याची पद्धत आहे की महापालिकेचे पाणी येईपर्यंत मी स्वखर्चाने टँकरने पाणी पुरवीन. आम्हांस हे प्रतिज्ञापत्र म्हणजे कर्जदाराने दुसऱ्याच्या खिशावर लिहून दिलेली हुंडी वाटते. बिल्डर इमारत विकून पुढच्या जागेवर जातो, टँकरचे बिल राहणाऱ्यांच्या गळ्यात पडते. आणि तो टँकर भरतो कोठे? कोणाच्या तरी शेतातल्या विहिरीवर.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात पाऊस आपल्याहून फार कमी. तेथे कायदा असा आहे की राजधानी फिनिक्सच्या परिसरात सहा किंवा अधिक प्लॉटची वसाहत पाडायची तर शंभर वर्षे पुरेल एवढे पाणी आहे हे आधी सिद्ध करावे लागते. २०२३ मध्ये जमिनीखालचे पाणी त्या मापाला उतरत नाही असे दिसल्यावर, केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी देणे राज्याने थांबवले. पण तेथेही चलाख लोक आहेतच. काहींनी जमिनीचे पाच-पाच तुकडे करून विकले, म्हणजे कायदा लागू होत नाही. अशा तुकड्यांवर उभी राहिलेली एक वस्ती शेजारच्या स्कॉट्सडेल शहरातून टँकरने पाणी आणत असे. १ जानेवारी २०२३ रोजी शहराने ते पाणी बंद केले, कारण आधी आपल्या नागरिकांचे पाहायचे होते. लक्षावधी डॉलरच्या बंगल्यांतली माणसे पावसाचे पाणी बादल्यांत धरू लागली. आपल्याकडेही मोठ्या लेआउटचे नियम चुकवण्यासाठी एकरभर जमिनीचे गुंठ्यांत तुकडे करून विकण्याची हुशारी चालते. हुशारी सगळीकडची सारखीच दिसते.

मग घरे बांधूच नयेत का? असे आम्ही म्हणत नाही. विशेषतः गरिबाच्या घराला पाण्याचे निमित्त सांगून कोणी अडवू लागला तर आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू. सरकारने दोन खोल्यांची घरे बांधली, २०२४ पासून इंदिरम्मा योजनेत घरासाठी पाच लाख रुपये देऊ केले. ज्याच्या डोक्यावर ताडपत्री आहे त्याचा हक्क पहिला. वेंचरमधले निम्मे प्लॉट तर राहण्यासाठी घेतलेले नसतातच. पैसा गुंतवून भाव चढण्याची वाट पाहत ते वर्षानुवर्षे गवतात पडून राहतात. म्हणून पंचायतीने आणि नगरपालिकेने रांग लावावी असे आमचे मत आहे. आधी जुन्या वस्तीतील नळाच्या शेवटच्या घराला पूर्ण पाणी. त्यानंतर सरकारी घरकुले. खाजगी वेंचरचा क्रम त्याच्यानंतर, आणि तोही पाण्याचा लेखी हिशेब दाखवल्यावर. हिशेब मे महिन्याचा हवा. ऑगस्टमध्ये कोणत्याही बोअरला पाणी असते. लेआउट मंजूर करताना रस्ते-गटारे पुरी होईपर्यंत मालकाचे काही प्लॉट तारण ठेवून घेतात. त्याच अटीत एक ओळ वाढवावी की सर्वांत लांबच्या प्लॉटवर एक उन्हाळा नळ चालल्याखेरीज तारण सुटणार नाही.

पंचायतीला हे जड जाईल, हे आम्हांस कळते. फेब्रुवारी २०२४ नंतर बराच काळ पंचायतींचा कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे होता, तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. लेआउटची फी आणि घरपट्टी दारात चालून आली तर सरपंच ती नाकारील कशी? आणि जो शेतकरी जमीन विकतो त्यालाही आम्ही दोष देत नाही. बाजारात कापसाचा भाव पाहिल्यावर गजावर जमीन विकण्याचा मोह कोणाला होणार नाही?

आरोग्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. सेप्टिक टाकीचे पाणी जिरवणारा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान १८ मीटर दूर असावा असा नियम आहे. आता दीडशे गजांचा प्लॉट घ्या. तीस फूट रुंद, पंचेचाळीस फूट लांब. एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात तिरके खड्डा काढला तरी अंतर चौपन्न फूट, म्हणजे साडेसोळा मीटरच भरते! अशा प्लॉटवर दोन्ही नियमाने बसूच शकत नाहीत. त्यात शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरपासून कधी कधी दहा फुटांवर असतो. कातळाच्या फटींतून मैल्याचे पाणी न गाळताच उतरते. माती असती तर तिने थोडे तरी गाळले असते. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो अशा वसाहतींत पावसाळ्याच्या सुरुवातीला का येतात याचे उत्तर यात आहे. दिवसाआड येणाऱ्या नळाचेही तसेच. रिकामा नळ चिरेतून भोवतालची घाण आत ओढतो आणि पहिल्या धारेबरोबर ती हंड्यात येते. पहिली धार झाडांना घालावी, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. साठवणीची टाकी आठवड्यातून एक दिवस कोरडी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचा डास तिच्यात वाढतो. पाणी कमी आले की लोक जास्त साठवतात, म्हणून पाणीटंचाई आणि डेंग्यू ही जोडी बरोबर फिरते.

छपरावरच्या पावसाबद्दल थोडे. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला सुमारे पाऊण लाख लिटर पाणी धरता येते. पाच माणसांच्या कुटुंबाला ते पूर्ण मापाने साडेतीन महिने पुरेल. एवढे साठवण्याची टाकी कोणाच्या ऐपतीची नाही हे खरे. पण दहा हजार लिटरची टाकी आणि उरलेले पाणी बोअरजवळच्या गाळणखड्ड्यात, हे जमण्यासारखे आहे. पहिल्या दोन पावसांचे पाणी मात्र बाहेर सोडून द्यावे, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. घरातून बाहेर पडणारे पाणी वापराच्या ऐंशी टक्के असते. धुण्याभांड्याचे पाणी परसातल्या केळी-पपईला दिले तर गटारही तुंबत नाही.

ज्यांना प्लॉट घ्यायचा आहे त्यांनी विकणाऱ्याला कमानीखाली उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात. नळाची मुख्य वाहिनी येथून किती अंतरावर आहे आणि ती किती इंचांची आहे? शेजारच्या तीन विहिरींना गेल्या मे महिन्यात किती फुटांवर पाणी होते? आणि रान पूर्वी कोणत्या तलावाच्या खाली किंवा पोटात होते? पहिल्याचे उत्तर नगरपालिकेच्या किंवा भगीरथ खात्याच्या माणसाकडून पडताळता येते, तिसऱ्याचे गावातील वृद्धांकडून. दुसऱ्याचे मात्र विहीर मालकाशिवाय कोणी देऊ शकत नाही, म्हणून विहीर मालकांना आमची एक विनंती आहे. राज्याचा भूजल विभाग आपल्या मोजणीच्या नळ्यांतून दर महिन्याला पाण्याची पातळी नोंदवतो आणि ती सरपंचाला मागता येते. पण ती नळी आपल्या रानापासून लांब असते. म्हणून प्रत्येकाने आपल्या विहिरीत दर महिन्याच्या एक तारखेला दगड बांधलेला सुताचा दोर सोडावा, कोरड्या काठापासून पाण्यापर्यंतचे फूट मोजावेत आणि विहिरीच्या धक्क्यावर रंगाने तारीख आणि आकडा लिहून ठेवावा. सकाळी मोटार सुरू करण्याआधी मोजावे. मोटार चालून गेल्यावर मोजले तर आकडा खोटा येतो. दोन वर्षांचे असे चोवीस आकडे जमले की ग्रामसभेत लेआउटचा विषय निघेल त्या दिवशी ते वहीत उतरवून घेऊन जावेत, आणि कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावावेत.